आबांच्या वावरातले बारा डबे

रेखाताईंचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर पडलेला मावा चष्मा लावून बघत होतो.

"सबनीस भाऊ का? मी आबांची सून बोलते, सोनगीरकडची. तुम्ही आमच्या वावरात औषध पुरलं होतं ना, ते नेमकं कुठे पुरलं ते दाखवायला याल का?"

ओळख ना पाळख, आणि पहिल्याच वाक्यात या बाईने बत्तीस वर्षांपूर्वीचं उकरून काढलं. मी आत जाऊन पाणी प्यायलो आणि येतो म्हणालो.

भानगड काय ती आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यभर कीटकनाशकं विकली. नोकरीची पहिली सहा वर्षं धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत काढली. खोली धुळ्याला, बुडाखाली कंपनीची मोटरसायकल आणि पाठीमागे नमुन्यांची पेटी. खानदेशात कीटकनाशक कोणी म्हणत नसे, औषध म्हणत. मीही औषधच म्हणायचो. एका वर्षी वरिष्ठांनी डोक्यावर बसवलेला विक्रीचा आकडा गाठायचा म्हणून मी जळगावच्या एका दुकानात दोन खोकी जास्तीची उतरवली. ती खपली नाहीत आणि त्यांची तारीख उलटून गेली. नियमाने ती डेपोत परत जायला हवी होती, पण मग मी ती कशी खपवली होती तेही उघडं पडलं असतं. तेव्हा मी ते बारा डबे सोनगीरच्या अलीकडे राहणाऱ्या आबा नावाच्या शेतकऱ्याकडे नेले आणि त्यांच्या वावराच्या, म्हणजे शेताच्या, कोपऱ्यात खड्डा करून पुरले. कुदळ आबांनी मारली. डबे मी रचले. हात धुतले, भाकरी खाल्ली आणि विसरून गेलो.

आता त्यांच्या सुनेने ते वावर सेंद्रिय करायला घेतलं होतं. लिंबू, पपई, वांगी, मिरची, पालेभाज्या, सगळं औषधाशिवाय. तिसरं वर्ष चालू होतं. गावातल्या बायकांचा गट आहे. त्या एकमेकींची शेतं तपासतात आणि एकीचं शेत खोटं निघालं तर बोलणी सगळ्या गटाला बसतात. महिन्याभरात शेवटची तपासणी होती. आणि विहिरीला लागून असलेल्या त्या अर्ध्या एकरात विषाचे डबे आहेत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते निघाल्याशिवाय गट तिच्या शेताला पास करणार नव्हता. तिचा नवरा सुरतला कापडाच्या गिरणीत आहे. शेत सेंद्रिय ठरलं, माल चांगला जाऊ लागला, तर तो कायमचा घरी येणार होता.

मेहरूण

जळगावला उतरलो तो थेट मोतीशेठकडे गेलो. हे मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या जळगावात. बियाणं, खत आणि औषधांचं यांचं दुकान. ती दोन खोकी यांच्याच फळीवर पडून होती. डब्यात काय होतं तेही रेखाताईंना हवं होतं, आणि मला नाव आठवत नव्हतं. इतकी नावं विकली की आता सगळ्यांचा काला झालाय.

मोतीशेठ आता दुकानात बसत नाहीत. मेहरूणच्या तलावावर सकाळी चालतात आणि मग बाकावर बसून चालणाऱ्यांना नावं ठेवतात. मला बघून म्हणाले, "अरे, सबनीससाहेब! केस कुठे विसरलात?"

पूर्वी मी आलो की ते मेहरूणच्या बोरांचा वाडगा पुढे ठेवत आणि मग मालाबद्दल तक्रार सुरू करत. बोरं तोंडात असल्यामुळे मला उत्तर देता येत नसे. यंदाही थंडी होती, बोरं होती. त्यांनी पिशवीतून काढून दिली. पुण्यात बोरं धुऊन, पुसून, मीठ लावून खातात. इथे शर्टाला घासली की झालं. पहिलं बोर फोडलं आणि मला एकदम तीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. गुडघे सोडून.

दुकानात गेलो. आता मुलगा बसतो. शेठनी मला ती फळी दाखवली. "वर तुमचे डबे असायचे, लाल त्रिकोणवाले. आता मुलगा तिथे निंबोळी तेल ठेवतो. मी म्हटलं ठेव बाबा, गिऱ्हाईक मागेल ते ठेवायचं."

खाली मात्र जहाल विषाची खूण असलेले लाल त्रिकोण होतेच. त्यांचा तो उग्र वास नाकात शिरला. सांगायला लाज वाटते, पण मला तो वास फार आवडायचा. लग्नानंतर बायको माझे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची, आणि मला वाटायचं, कमावत्या माणसाचा वास येतोय.

"ती दोन खोकी आठवतात?" मी विचारलं.

"कपाशीच्या बोंडअळीचं औषध. फार जहाल. आता त्याच्यावर बंदी आली." मोतीशेठनी औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. "तुम्ही खोकी उचललीत, तेव्हा कुठे नेता ते मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं ना."

देवपूर

एरंडोल आणि पारोळ्यावरून धुळ्याचा रस्ता आता गुळगुळीत झालाय. पूर्वी या रस्त्याने पाठीची सालटी निघायची, पण दर दहा मैलांवर ओळखीचं माणूस भेटायचं. आता एकही चेहरा ओळखीचा दिसला नाही. पारोळ्याला शेवभाजी मात्र तशीच होती. वर तेलाचा तवंग, खाली जाळ. मी दोन घासांत नाक पुसायला लागलो. हॉटेलवाल्याने विचारलं, "पुण्याचे का?" आणि न सांगता दही आणून ठेवलं. एके काळी मी ही भाजी न घाबरता दोन वाट्या खायचो, हे त्याला सांगावंसं वाटलं. सांगितलंही. त्याला काही फरक पडला नाही.

धुळ्यात पांझरा नदीचा पूल ओलांडून देवपुरात शिरलो. माझी खोली होती त्या जागी आता शिकवणीचे वर्ग आहेत. जिन्याखाली मी मोटरसायकल लावायचो, तिथे मुलामुलींच्या चपलांचा ढीग होता. आत कोणी रसायनशास्त्र शिकवत होतं. थोडा वेळ जिन्यापाशी उभा राहिलो. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आम्ही त्या खोलीत काढलं होतं. एका स्टोव्हवर स्वयंपाक, आणि मी गावांवरून येताना जी भाजी आणीन ती. इतकी ताजी वांगी मला पुन्हा कधी मिळाली नाहीत. आता बायकोही नाही. मी तिथून निघालो.

रेखाताईंचा भाजीचा ठेला दुपारी कॉलेजच्या रस्त्याला असतो. चाळिशीच्या, डोक्यावर पदर आणि पायात खेळाडूंचे बूट. गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच त्यांनी मला ओळखलं आणि बसायला रिकामा क्रेट उपडा करून दिला. एक प्राध्यापकीणबाई वांगी निवडत होत्या आणि भोकं पडलेलीच तेवढी उचलत होत्या.

"किडकी आहेत ती," मी न राहवून म्हणालो.

"म्हणून तर घेते. अळीने खाल्लंय म्हणजे औषध मारलेलं नाही."

हीच भोकं बोटाने दाखवून मी अख्ख्या तालुक्याला औषध विकलं होतं. बाई गेल्यावर रेखाताई हसल्या. "भाऊ, पहिल्या वर्षी भोकंच जास्ती आणि वांगी कमी होती. आता अळीलाही कंटाळा आलाय. त्यांना सांगू नका, पण चांगली वांगी पण बिनऔषधाचीच आहेत."

सोनगीरच्या अलीकडे

गटाच्या टेम्पोत रिकाम्या क्रेटांच्या मधे बसून गावाकडे निघालो. दिवस मावळताना सोनगीरचा किल्ला लांबून दिसला. त्याच्या पायथ्याच्या बाजारातून मी बायकोसाठी तांब्याचा हंडा घेतला होता आणि मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून धुळ्यापर्यंत आणला होता. हंड्याला वाटेत तीन पोचे पडले, आणि त्या तीन पोच्यांवरून मला वीस वर्षं ऐकावं लागलं.

आबा ओसरीत खाटेवर बसले होते. चौऱ्याऐंशीचे झालेत, दिसायला कमी झालंय, आणि रेखाताईंनी वाटेत सांगितलं होतं की त्यांना कालचं आजचं एक होतं. मी पाया पडलो. त्यांनी माझा खांदा चाचपला.

"सबनीस भाऊ! फटफटी कोठे लायी?"

"फटफटी विकली, आबा. टेम्पोतून आलो."

"इकी टाकी? आनि गावंगावं कसा फिरतस मंग?"

मी खाटेवर टेकलो. त्यांच्या हाताला तोच मातीचा खरबरीतपणा होता. त्या सहा वर्षांत या माणसाच्या घरी मी किती वेळा जेवलो असेन त्याला गणती नाही. मी परगावचा, कंपनीचा, तरी त्यांनी कधी मला परकं मानलं नाही. मी सांगेन ते औषध ते मारायचे, आणि आबांनी मारलं म्हणून अख्खं गाव मारायचं.

"आबा, मी ते डबे काढायला आलोय. आठवतात ना?"

आबा एकदम सावरून बसले. "पह्यले जेवन करा. डबा काय पळी जाऊ राह्यनात?"

"उद्या सकाळी खणतो. मला जागा माहीत आहे."

"कसाले भाऊ? इतला वरीस झायात. बठ्ठं मुरी गयं व्हई. ऱ्हाऊ द्या ना." मग सुनेकडे वळून जोरात म्हणाले, "रेखा, भाकर टाक वं!"

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वरून कच्चं तेल. भरिताची वांगी काट्यांच्या जाळावर भाजून लाकडी बडगीत ठेचलेली, त्यात कांद्याची पात आणि हिरवी मिरची. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. एरवी आबांनी मला चौथीसाठी शपथ घातली असती. त्या रात्री घातली नाही. वय झालं, असं मला वाटलं.

कोपरा

सकाळी रेखाताईंनी आधी शेत फिरवून दाखवलं. मी पाहिलेलं वावर हेच, यावर विश्वास बसेना. तेव्हा माती कडक आणि पांढरट असायची, आता पायाखाली दबत होती. वांग्यांच्या कडेने झेंडू, शेजाऱ्याची फवारणी उडून येऊ नये म्हणून बांधाला तुरीची दाट रांग. पपईवर मात्र रोग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "पपईचं मला अजून जमलेलं नाही भाऊ. दरवर्षी चार झाडं उपटते आणि रडते."

एका पिंपात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून ठेवली होती. जीवामृत. ते काठीने रोज ढवळायचं. मला हौस आली. वाकलो, ढवळायला लागलो आणि माझा चष्मा पिंपात पडला. रेखाताईंची मैत्रीण उषाताई कुदळ घेऊन आल्या होत्या. त्यांनी बाही वर करून चष्मा शोधून दिला. मी तो चार वेळा धुतला, तरी दिवसभर मला जगाला गोठ्याचा वास येत होता.

मग आम्ही कोपऱ्यात गेलो. विहिरीपासून निंबाच्या दिशेने वीस पावलं, हे मला पक्कं आठवत होतं. पण निंब पडला होता, त्याचं खोडसुद्धा राहिलं नव्हतं, आणि विहिरीचं तोंड बांधून घेतल्यामुळे मी कुठून मोजायला लागलो होतो तेच कळेना. शिवाय पावलंही आता तेव्हाइतकी लांब पडत नाहीत. रेखाताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी एक जागा दाखवली. दोघींनी कमरेइतकं खणलं. काही नाही. मी पुन्हा मोजलं आणि दुसरी जागा दाखवली.

"भाऊ, नीट आठवा," रेखाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "हे निघालं नाही तर मी तिन्ही वर्षं उगाच राबले. आमचे हे सुरतेतली खोली सोडायचं म्हणताहेत."

उषाताईंनी दुसऱ्या जागी पहिला घाव घातला आणि तेवढ्यात बांधावर मोटरसायकल थांबली. शेजाऱ्याच्या मागे बसून आबा आले होते. पायात चप्पल नाही, डोक्याला टोपी नाही. उतरता उतरताच ओरडले, "तठे नका खंदू! तठे डबा नहीत! तठे मना सर्जा शे!"

कुदळ तिथल्या तिथे थांबली. सर्जा म्हणजे आबांचा बैल. पांढराशुभ्र, मी त्याला केळी भरवायचो. एकदा गावाला गेलो तेव्हा गोठ्यात एकच बैल दिसला. पान लागलं, म्हणजे साप चावला, असं आबांनी सांगितलं होतं. मी हळहळलो होतो.

आबा मातीच्या ढिगावर बसले. रेखाताईंनी त्यांना धरलं. "आबा, काय सांगी राह्यनात? डबा कोठे शेत मंग?"

"डबा मी दुसराच दिन काढी लयात." ते माझ्याकडे बघत नव्हते. "सीलबी तुटेल नव्हतं भाऊ. फेकी देवाले जीव नही व्हयना. मी म्हनं, तारीख गयी ते काय व्हयनं, औषध ते औषधच शे. बठ्ठं मारी टाकं. मिरचीवर मारं, कपाशीवर मारं. बांधना मकावर उडनं. तो मका सर्जानी खाधा. दिन बुडाले पडना. पोयानी झूल पांघारी त्याले, गोनीभर मीठ टाकं आनि अठेच गाडं."

म्हणजे सर्जाला साप चावलाच नव्हता; माझं औषध उडालेला मका खाऊन तो गेला होता आणि पोळ्याची झूल पांघरून इथेच पुरला होता.

"आणि डबे?" उषाताईंनी विचारलं.

"रिकामा डबा भंगारवाला ली गया."

"मना लगीनले वीस वरीस झायात, आबा," रेखाताई म्हणाल्या, आणि त्या रागावल्या होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. "वीस वरीस मी अठे पोरंबी खेळू नही दिधात."

"त्यानावर नांगर कसा फिरावू, पोर? डबा शेत म्हनं ते कोनी येस नही."

सर्जाची जागा कोणी उकरू नये म्हणून त्यांनी डब्यांची भीती तशीच राहू दिली होती. माझ्या चुकीचे बारा डबे मातीत आहेत, एवढंच ओझं घेऊन मी पुण्याहून निघालो होतो. आता कळलं की ते या घराच्या ताटात गेले होते. त्या वर्षीची मिरची कुठे कुठे गेली असेल, याचा विचार करवेना. मी विचारलं, "मला का सांगितलं नाहीत, आबा?"

"तुम्हले सांगतू ते तुम्ही गप बसतात का? कंपनीले सांगतात. मंग इचारतीन, डबा अठे कसा उनात? तुमनी नौकरी जाती ना भाऊ. नवं लगीन व्हयेल व्हतं तुमनं."

देवपुरातल्या त्या खोलीतला आमचा सगळा संसार या माणसाने बैल गमावून आणि तोंड शिवून राखला होता, आणि वर मला भाकरीही वाढली होती. मी त्यांचे पाय धरले आणि लहान मुलासारखा रडलो. पुण्यात सत्तर जणांसमोर माझा निरोपसमारंभ झाला तेव्हा मला रडू आलं नव्हतं.

उषाताईंनी पहिला खड्डा बुजवायला घेतला. बुजवता बुजवता म्हणाल्या, "डबे नाहीत, हे बरंच झालं. विहिरीचं पाणी आणि इथली माती तपासायला पाठवू. कोपरा सोडून द्यायचा, बाकीचं शेत धरायचं. गटाला मी सांगते. पण जे झालं ते खरं लिही, रेखा."

रेखाताईंनी पिशवीतून गटाची वही काढली. तिच्यात प्रत्येकीच्या शेताचा इतिहास लिहायचं पान असतं. पूर्वी काय मारलं, कधी, कुठून आणलं. त्यांचं ते पान अर्धं कोरं होतं. मी म्हणालो, "द्या, मी लिहितो." मोतीशेठच्या चिठ्ठीवरून औषधाचं नाव उतरवलं. तारीख उलटलेले बारा डबे, असं लिहिलं. कुठून आणलं, या रकान्यात माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि मी आणले असं लिहून खाली सही केली.

"काय लिखं?" आबांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

आबा अस्वस्थ झाले. त्यांनी अंदाजाने हात पुढे करून वही धरली. "त्यामा तुमनं नाव कसाले? खोडी टाका भाऊ. कंपनीना मानसं वाचतीन ते नौकरी जाई तुमनी."

मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. "बरं आबा, खोडतो," मी म्हणालो, आणि नाव तसंच ठेवून वही रेखाताईंच्या हातात दिली.